कॉम्प्युटर सपोर्टची पहिली नोकरी: नेमकं काय काय यायला हवं?

शंकासुर

नमस्कार मंडळी. शिक्षण कॉमर्सचं, पण ओळखीपाळखीत कुणाचंही मशीन अडलं की बोलावणं मला येतं. विंडोज टाकणं, रॅम वाढवणं, प्रिंटर जोडणं एवढं जमतं. आता हेच काम नोकरी म्हणून करावं असं मनात आहे. सपोर्ट टेक्निशियनच्या जाहिराती वाचल्या आणि गार पडलो. वर लिहिलेलं असतं 'फ्रेशर चालेल' आणि खाली यादी: हार्डवेअर, नेटवर्किंग, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसातले युजर आणि मशीन सांभाळणारी मध्यवर्ती नोंद), मायक्रोसॉफ्ट ३६५, तिकीटिंग (तक्रारींची नोंद ठेवणं), रिमोट सपोर्ट (दुरून मशीन हाताळणं), शिवाय 'उत्तम संवादकौशल्य'.

यातलं खरोखर किती लागतं? प्रोग्रामिंग येत नाही, अडेल का? सर्टिफिकेट घ्यावं की नको? या कामात असलेल्यांनी कृपया लिहा.

तिकीटघर

हेल्पडेस्क सांभाळतो, मुलाखतीही घेतो, म्हणून त्या टेबलावरून लिहितो.

प्रोग्रामिंग नसल्यानं अडत नाही. पुढे पॉवरशेलमध्ये (विंडोजला लिहून हुकूम द्यायचं साधन) चार ओळी लिहिता आल्या तर तुमचाच वेळ वाचेल, पण पहिल्या दिवशी ती कुणाची अपेक्षा नसते. जाहिरातीतली यादी बहुतेक वेळा आधीच्या माणसाचं सगळं काम एकत्र करून बनवलेली असते. तिच्यातलं निम्मं येत असेल तर अर्ज करा.

मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारतो: 'युजरचा फोन आला, म्हणतो नेट चालत नाही. तुम्ही काय कराल?' बहुतेक उमेदवार लगेच उत्तरं द्यायला लागतात. राउटर बंद-चालू करू, ड्रायव्हर टाकू, केबल बदलू. मला हवे असतात प्रश्न. कधीपासून? एकट्याचंच की शेजारच्याचंही? एकच साइट उघडत नाही की कुठलीच नाही? मेल येतोय का? पडद्यावर नेमका काय मेसेज आहे, जशाच्या तसा वाचून दाखवता का? ही चार-पाच उत्तरं मिळाली की निम्म्या शक्यता तिथेच बाद होतात. ज्याला हे सुचतं त्याला बाकीचं शिकवता येतं. उलटं मात्र फार अवघड जातं.

जुनाट_फ्लॉपी

तिकीटघर यांच्याशी सहमत, पण आजकालची पोरं फोनवरून सगळं सोडवायला बघतात. स्क्रूड्रायव्हर हातात धरायची वेळ आली की घाम फुटतो. म्हणून हार्डवेअरवर जरा सविस्तर.

बटण दाबलं, पडद्यावर काही नाही. इथे 'मदरबोर्ड गेला' असं बोलून मोकळं व्हायचं नाही. पंखा फिरतो का? दिवा लागतो का? बीप येते का, किती आणि कशा? बीपचा अर्थ बोर्ड बनवणाऱ्यानुसार बदलतो, त्यामुळे पाठ करू नका, त्या बोर्डाचं मॅन्युअल उघडा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी चुकून बोर्डाच्या पोर्टात तर नाही ना? (हसू नका, हे रोज सापडतं.) मग रॅम काढून परत घट्ट बसवा, एका वेळी एकच पट्टी ठेवून बघा. तरीही नाही, तर गरजेपुरतंच ठेवा: बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम, वीज. बाकी सगळं काढा. चालू झालं की एकेक जोडत जा. ज्याला जोडल्यावर पुन्हा बंद पडतं तो गुन्हेगार.

घड्याळाची बटण-सेल, सीआर२०३२, तीन व्होल्टची. ही मेली की तारीख मागे जाते, आणि युजर तक्रार करतो ती मात्र 'सगळ्या साइट असुरक्षित दाखवतायत' अशी. साइटच्या सर्टिफिकेटची मुदत तारखेवरून तपासली जाते, म्हणून. ऑफिसच्या डोमेनवर, म्हणजे सर्व्हरवरून एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या गटात, असलेलं मशीन असेल तर घड्याळ सर्व्हरपेक्षा पाच मिनिटांहून जास्त मागेपुढे गेलं तरी लॉगिनला अडचणी येऊ लागतात. ब्राउझर परत टाकत बसणारे लोक मी पाहिलेत. आधी खाली उजव्या कोपऱ्यात तारीख बघा.

एम.२ च्या (बोर्डावर थेट बसणाऱ्या छोट्या पट्टीसारख्या) डिस्कमध्ये दोन जाती असतात, साटा आणि एनव्हीएमई. बाहेरून जवळजवळ सारख्याच दिसतात. स्लॉट फक्त एनव्हीएमईचा असेल तर साटावाली त्यात बसेल, पण दिसणार नाही. मागवण्याआधी तपासा.

आणि दोन गोष्टी जिथे शूरपणा नको. पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही, वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग थांबवा, दाबू नका, टोचू नका, वापरातून काढा आणि नीट विल्हेवाटीसाठी द्या. टचपॅड वर उचलल्यासारखं दिसतंय किंवा क्लिक होत नाहीये अशी तक्रार आली तर आधी बॅटरीचाच संशय घ्या.

शंकासुर

फ्लॉपीकाका, भन्नाट. टचपॅडचं कधी डोक्यात आलं नसतं. नेटवर्कबद्दल कुणी सांगेल का? तिथे माझी पाटी कोरी आहे. सबनेटिंगचे व्हिडिओ बघितले, डोक्यावरून गेले.

केबलवाला

सबनेटिंग (नेटवर्कचे छोटे तुकडे पाडायचा हिशोब) तूर्त बाजूला ठेवा. आयपीकॉन्फिग ऑल (ipconfig /all) ही कमांड चालवून जे समोर येतं ते वाचता आलं पाहिजे, सुरुवातीला तेवढं पुरे. त्यात चार गोष्टी बघायच्या: स्वतःचा पत्ता, गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार, सहसा राउटर), डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) आणि डीएचसीपी (मशीनला आपोआप पत्ता देणारी सोय) चालू आहे की नाही.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही आणि त्यानं स्वतःच एक घेतलाय. म्हणजे ब्राउझरला हात लावायचं कारणच नाही. केबल, वायफाय, स्विचचं पोर्ट, डीएचसीपी सर्व्हर यांपैकी कुठेतरी पाणी मुरतंय.

पत्ता ठीक असेल तर जवळून लांब जात पिंग करायचं, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतं का ते बघायचं. आधी गेटवे. तो उत्तर देतो? मग बाहेरचा एखादा पत्ता, उदाहरणार्थ ८.८.८.८. तोही देतो, पण नावानं साइट उघडत नाही? मग घोटाळा डीएनएसचा, एनएसलुकअप (nslookup) ही कमांड चालवून खात्री करा. मात्र काही नेटवर्कांवर पिंग मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, त्यामुळे नुसतं उत्तर आलं नाही म्हणून निकाल देऊ नका.

हाताचं काम: नेटवर्क केबलच्या टोकाला आरजे४५ पिन लावता यायला हवी. टी५६८बी या प्रमाण पद्धतीत तारांचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच ठेवा. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे ओढली की कधी चालते, कधी नाही, आणि असली 'कधीकधी'वाली तक्रार सगळ्यात जास्त डोकं खाते.

सबनेटिंग नंतर शिका. पण शिका.

निळापडदा

विंडोजबद्दल माझे दोन पैसे.

'बंद करून चालू केलं का?' यावर युजर हो म्हणतो आणि तो खरंही बोलत असतो. तरी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे अपटाइम बघा. कधीकधी कित्येक दिवसांचा दिसतो. कारण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे. शटडाउन केलं की विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. अडकलेला ड्रायव्हर तसाच अडकून परत येतो. रिस्टार्टमध्ये असं होत नाही, तिथे सगळं नव्यानं सुरू होतं. म्हणून युजरला 'बंद करा' म्हणू नका, 'रिस्टार्ट वर क्लिक करा' असं म्हणा. रोजच्या कितीतरी तक्रारी एवढ्यावर मिटतात.

बाकी डिव्हाइस मॅनेजरमधला पिवळा त्रिकोण, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही), सेफ मोड (गरजेपुरत्या गोष्टींवर विंडोज चालू करणं), एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या बिघडलेल्या फाइली तपासून दुरुस्त करणारी कमांड) हे ओळखीचं हवं. एक युक्ती मला फार आवडते: एखादं सॉफ्टवेअर एकाच युजरला त्रास देत असेल तर त्याच मशीनवर दुसऱ्या युजरनं लॉगिन करून बघायचं. तिथे चाललं तर दोष प्रोफाइलमध्ये, मशीन निर्दोष. विंडोज पुन्हा टाकायचा विचार त्यानंतर. आणि टाकण्याआधी बॅकअप. डेस्कटॉपवरच्या फाइलींचाही, कारण माणसं आयुष्य डेस्कटॉपवर ठेवतात.

प्रिंटर: अडकलेली रांग. प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी) सर्व्हिस थांबवा, रांगेतल्या फाइली काढा, सर्व्हिस पुन्हा सुरू करा. नेटवर्कचा प्रिंटर सारखा 'ऑफलाइन' होत असेल तर त्याचा पत्ता बदलतोय का बघा, डीएचसीपीत त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवा.

खडीसाखर

सर्टिफिकेटचं कुणी बोलत नाहीये म्हणून मीच ठिणगी टाकते. कागद आहे तो. पाठांतर करून पास होणारे ढिगानं आहेत, समोर मशीन ठेवलं की गप्प.

तिकीटघर

अर्धंच पटलं, खडीसाखरताई. अनुभव असलेल्याला नको. पण शंकासुर यांच्यासारखा, आयटीची पदवी नसलेला उमेदवार चाळणीतून वर येण्यासाठी त्याचा उपयोग होतो. कॉम्पटिया ए प्लस ही त्यातली जुनी ओळखीची. दोन परीक्षा, दोन्ही पास व्हाव्या लागतात, प्रत्येकी ९० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. तीन वर्षांनी नूतनीकरण. अभ्यासक्रम अधूनमधून बदलतो, शेवटचा बदल २०२५ चा, तेव्हा जुनी पुस्तकं घेऊ नका.

परीक्षा द्यायची नसेल तरी तिच्या विषयांची यादी कॉम्पटियाच्या साइटवर फुकट मिळते. ती उतरवून घ्या आणि ज्या ओळीवर अडता तिथे खूण करा. अभ्यासाचा नकाशा आपोआप तयार होतो. व्हिडिओ आणि सरावातून शिकायचं असेल तर कोर्सेरा या ऑनलाइन शिकवणीच्या साइटवर गूगलचा आयटी सपोर्टचा कोर्स २०१८ पासून आहे, अगदी शून्यापासून सुरू होतो. त्यात लिनक्सही येतं, ते ए प्लसमध्ये थोडकंच असतं.

खडीसाखर

यादीचं मान्य. परीक्षेचं नाही. :)

कुलूपकिल्ली

सुरक्षेवर अजून कुणी आलं नाही, आणि पहिल्या पातळीचा टेक्निशियन हा हल्लेखोराच्या सगळ्यात आवडीचा माणूस असतो.

पासवर्ड रिसेट हे तुमचं रोजचं काम असणार. फोनवरचा माणूस घाईत आहे, मोठ्या हुद्द्यावर आहे असं सांगतो, मीटिंग दोन मिनिटांत आहे, फोनही नवा आहे म्हणून ओटीपीचं यंत्रही बदलून द्या म्हणतो. गोड बोलतो किंवा ओरडतो. नेमक्या याच वेळी ओळख पटवण्याची ठरलेली पद्धत पाळायची. नोंदीतल्या नंबरवर स्वतः उलट फोन करायचा, नाहीतर त्याच्या साहेबाकडून खात्री करून घ्यायची. जन्मतारीख आणि कर्मचारी क्रमांक सांगितला एवढ्यावर भागवू नका, ते बाहेर सहज मिळतं. 'नाही, आधी खात्री करावी लागेल' हे वाक्य न चिडता म्हणता येणं हे या नोकरीतलं तांत्रिक कौशल्य आहे असं माझं ठाम मत.

दुसरं, रिकव्हरी की, म्हणजे कुलूपबंद डिस्क उघडायचा लांब आकडा. १९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. अपडेट काही वेळातच मागे घेतलं गेलं, पण अडकलेली बरीचशी मशीन दुरून दुरुस्त होईनात. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकायची, बस. काम सोपं, पण ते एकेका मशीनपाशी जाऊन करायचं, आणि डिस्क बिटलॉकरनं (विंडोजची डिस्कला कुलूप लावायची सोय) कुलूपबंद असेल तर ४८ अंकी की आधी शोधायची. ज्यांच्याकडे कीज नीट साठवलेल्या होत्या त्यांचं काम लवकर आटोपलं. सेफ मोडमध्ये कसं जायचं आणि की कुठे असते, हे नवशिक्यानं एकदा स्वतः करून बघितलेलं असावं. ऐन गोंधळात शिकायची ही गोष्ट नाही.

निळापडदा

+१. त्या दिवशी काही मशीन नुसती पुन्हा पुन्हा रिस्टार्ट करूनही वर आली होती. मायक्रोसॉफ्टनं १५ वेळांपर्यंत करून बघा असं सांगितलं होतं. 'बंद करून चालू केलं का' ची चेष्टा करणारे तेव्हा गप्प होते.

शंकासुर

सगळं टिपून ठेवतोय. माझी खरी भीती वेगळी आहे. मी मशीनशी बरा, माणसांशी बुजतो. चिडलेला युजर फोनवर आला की माझी बोलती बंद होते.

मधुमालती

बुजरे लोक या कामात बरेच आहेत आणि चांगले आहेत, कारण ते ऐकतात. गप्पिष्ट असायची गरज नाही.

मला उपयोगी पडलेलं सांगते. चिडलेल्या माणसाला पहिलं अर्धं मिनिट मधे तोडायचं नाही. तो बोलून थांबला की त्याची अडचण आपल्या शब्दांत परत सांगायची: 'म्हणजे सकाळपासून एक्सेल उघडतं, पण ती एक फाइल उघडताना अडकतं, बरोबर?' तो 'हो' म्हणाला की आवाज आपोआप खाली येतो, शिवाय तुम्ही नीट समजून घेतलंय याची खात्रीही होते.

'तुम्ही काय केलंत?' असं कधी विचारू नका. समोरच्याला आरोप वाटतो आणि उत्तर ठरलेलं येतं, 'मी काहीच नाही केलं'. त्याऐवजी 'हे सुरू व्हायच्या आधी काही बदललं होतं का, अपडेट, नवीन चार्जर, जागा?' लोक भडाभडा सांगतात.

काम करताना गप्प बसलात तर समोरच्याला वाटतं फोन कट झाला. काय करताय ते सांगत राहा. माहीत नसेल तर 'बघून पाऊण तासात कळवतो' म्हणा आणि पाऊण तासात कळवाच, उत्तर सापडलं नसलं तरी. आणि रिमोटवर मशीन घेताना आधी परवानगी, वर उघडी असलेली खाजगी खिडकी बंद करायला वेळ द्यायचा. दिसलेलं कुणापाशी बोलायचं नाही.

बोरूबहाद्दर

बोलण्याचं झालं, लिहिण्याचं राहिलं. तिकिटात दोन प्रकारचे शेरे असतात.

पहिला: 'प्रिंटर प्रॉब्लेम. सोडवला.'

दुसरा: 'दुसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर ऑफलाइन दाखवत होता. मजल्यावरच्या सगळ्यांनाच. प्रिंटरचा पत्ता बदललेला आढळला. पोर्ट नवीन पत्त्यावर वळवलं, चाचणी पान छापलं. पत्ता कायमचा राखून ठेवण्यासाठी नेटवर्क टीमकडे वेगळं तिकीट दिलं.'

महिन्याभरानं तीच तक्रार आली तर पहिल्या शेऱ्याचा उपयोग शून्य. वरच्या पातळीकडे काम पाठवतानाही हेच. काय काय करून बघितलं, त्याचा निकाल काय, एरर जशीच्या तशी. नाहीतर समोरचा माणूस पहिल्या पायरीपासून सुरू करतो आणि युजरला तेच प्रश्न तिसऱ्यांदा ऐकावे लागतात. त्याचा राग मग कुणावर निघतो ते मधुमालती सांगतील.

किती वेळानं काम वर पाठवायचं, हा प्रश्न नवीन माणसाला छळतो. माझा निकष: पुढे काय तपासायचं ते सांगता येत नसेल किंवा अनेकजण खोळंबले असतील, तर लगेच.

शंकासुर

सराव कसा करू? अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी घरी कुठून आणणार?

निळापडदा

व्हर्च्युअलबॉक्स (एका मशीनमध्ये दुसरी आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती मायक्रोसॉफ्ट १८० दिवसांसाठी देतं. एक सर्व्हर, एक विंडोज क्लायंट, दोन्ही एकाच मशीनवर. रॅम १६ जीबी असेल तर आरामात चालेल. डोमेन बनवा, चार युजर तयार करा, पासवर्ड रिसेट करा, खातं लॉक करून उघडा, एका फोल्डरला परवानग्या लावा. क्लायंटला विंडोज ११ प्रो घ्या, होम डोमेनला जोडता येत नाही. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यावर वेळ घालवू नका. अर्थात ऑफिसांत ती मशीन अजून भेटतीलच.

मग मुद्दाम मोडा. क्लायंटचा डीएनएस चुकीचा टाका आणि डोमेनला जोडायचा प्रयत्न करा. काय एरर येते ते लिहून ठेवा. ही वही मुलाखतीला घेऊन जा.

जुनाट_फ्लॉपी

आणि एखादं भंगारातलं मशीन आणून पूर्ण खोलून परत जोडा. स्क्रू उरता कामा नयेत.

शंकासुर

जाता जाता, हे सगळं एआय करणार नाही का? पासवर्ड रिसेटची कामं तर चॅटबॉटकडे जातायत.

तिकीटघर

जातायत. सोपी कामं आधी जातील, त्यामुळे तुमच्यापर्यंत येतील ती जरा गुंतलेली असतील. केबल अजून माणूसच लावतो. त्यावर नंतर वेगळा धागा काढा, इथे भरकटेल.

त्यापेक्षा हे सोडवा. युजर म्हणतो: लॅपटॉप घरी व्यवस्थित. ऑफिसात वायफाय 'जोडलेलं' दाखवतं, पण एकही साइट उघडत नाही. बाकी सगळ्यांचं चालू. विचारा मला काय हवं ते.

शंकासुर

कधीपासून? त्याआधी काही बदललं होतं का? आणि आयपीकॉन्फिग ऑलमध्ये काय दिसतं? शेजारच्या मशीनवर काय दिसतं?

तिकीटघर

सोमवारपासून. रविवारी घरी भाच्यानं गेम खेळायला 'काहीतरी सेटिंग' केलं होतं. याचा पत्ता १९२.१६८.१.५०, गेटवे १९२.१६८.१.१, डीएचसीपी बंद. शेजारच्याचा पत्ता १० ने सुरू होतो, डीएचसीपी चालू.

शंकासुर

मग भाच्यानं पत्ता हातानं टाकून ठेवलाय. तो घरच्या राउटरला जुळतो, म्हणून घरी चालतं. ऑफिसच्या नेटवर्कात त्या पत्त्याचा गेटवेच नाही. पत्ता आणि डीएनएस दोन्ही आपोआप मिळतील असं करायचं. गेमसाठी तोच पत्ता हवा असेल तर घरच्या राउटरमध्ये राखून ठेवायचा, लॅपटॉपवर नाही.

केबलवाला

शाब्बास. आणि म्हणे पाटी कोरी.

तिकीटघर

बरोबर. आता तिकिटाचा शेरा लिहा.

शंकासुर

'ऑफिसच्या वायफायवर एकही साइट उघडत नव्हती, फक्त याच लॅपटॉपवर. सोमवारपासून. पत्ता हातानं टाकलेला आढळला (१९२.१६८.१.५०), डीएचसीपी बंद. पत्ता आणि डीएनएस आपोआप घेण्यावर ठेवले. नवीन पत्ता १० ने सुरू होणारा मिळाला, साइट उघडल्या. सोडवलं.'

बोरूबहाद्दर

छान. 'साइट उघडल्या' हे तुम्ही बघितलंत की युजरनं? त्याच्या हातून मेल आणि सामायिक फोल्डर उघडवून घ्या, तसं शेऱ्यात लिहा, मगच तिकीट बंद करा.